डोंगरात पळताना पाणी किती प्यायचं? – दोन राजूरची गोष्ट

मागच्या आठवड्यात बीपी मोजून घेता घेता एका मावशींनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही म्हणे भंडारदऱ्याला जाता पळायला. इथं रस्ते नाहीत का?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. पण भंडारदऱ्याचं नाव निघालं की मला दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवते आणि हसू जरा आवरतं. त्या सकाळबद्दल मी आजवर इथे लिहिलं नव्हतं, कारण त्यात चूक माझी होती. आज लिहितो. पावसाळी भटकंतीला आणि अंगारकीच्या पायी वारीला निघणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ते उपयोगी पडेल.

आधी राजूरचा घोळ सांगतो. माझा दवाखाना आहे तो जालना जिल्ह्यातल्या राजूरला, भोकरदन तालुक्यात, गणपतीच्या राजूरला. भंडारदऱ्याच्या अलीकडे अकोले तालुक्यात दुसरं राजूर आहे. तिथला पेढा प्रसिद्ध, डांगी जनावरांचं प्रदर्शनही प्रसिद्ध. तिकडे मुक्कामासाठी फोन केला आणि "राजूरहून येतोय" म्हटलं, की पलीकडचा माणूस म्हणतो, "मग पंधरा-वीस मिनिटांत पोचालच." आम्हाला पोचायला अख्खा दिवस लागतो.

नाव सारखं असलं तरी हवा अजिबात सारखी नाही, आणि आमच्या गोष्टीत हेच महत्त्वाचं ठरलं. आमच्या जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भंडारदरा धरणाच्या पाणलोटातल्या घाटघरला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. इकडे काळी जमीन, कपाशी, मका, सपाट डांबरी रस्ता आणि डोक्यावर ऊन. तिकडे कळसूबाई, रतनगड, अलंग-कुलंगच्या रांगा, मधे प्रवरा अडवून १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्याचा पसरलेला जलाशय आणि काठाने हिरडा-जांभळाचं जंगल. शेंडी गावातून निघून तळ्याला वळसा घालणारा रस्ता आहे. एका अंगाने मुतखेल, रतनवाडी, साम्रद. दुसऱ्या अंगाने मुरशेत, पांजरे, घाटघर. सगळी फेरी चाळीस-पन्नास किलोमीटर भरते. नव्याने पळणाऱ्यांनी शेंडीतून मुरशेतच्या बाजूला पाच-सात किलोमीटर जाऊन परत यावं. एका हाताला पाणी दिसत राहतं आणि चढ फार दमवत नाहीत. रतनवाडीची बाजू जास्त झाडीची आणि लांबची. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, शेजारी पुष्करणी आहे. तिथे बसलं की उठवत नाही.

आमचा सहा जणांचा गट. एरवी राजूरला गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी पहाटे साडेपाचला जमतो आणि जालना रस्त्याने सहा-आठ किलोमीटर पळतो-चालतो. वेगाचं नाव काढू नका, आमच्यात सगळे चाळिशी-पन्नाशीचे. गटात एक शाळामास्तर आहेत, वय बावन्न. त्यांना आपण सर म्हणू. सरांना सहा वर्षांपासून बीपी आहे, गोळ्या नियमित, आकडे उत्तम. त्यांच्या गोळ्यांत एक क्लोरथॅलिडोन होती. ही लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकून बीपी उतरवते. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, मी पुष्कळांना देतो. सरांनाही मीच दिली होती.

आणि गटाला पाण्याचा नियमही मीच घालून दिला होता. मार्च ते जून आमच्याकडे पळायचं म्हणजे उष्माघाताची भीती. म्हणून मी सांगून ठेवलं होतं, "तहान लागायची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी अर्धी बाटली संपवा." शिकत असताना मी हेच ऐकलं होतं. त्या काळी जगभर असंच सांगत. १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनेच खेळाडूंना सल्ला दिला होता, की घामावाटे जातं तेवढं सगळं पाणी भरून काढा, नाहीतर सोसेल तेवढं जास्तीत जास्त प्या. २००७ साली त्यांनी तो बदलला. मी बदलला नव्हता.

सप्टेंबर महिना होता. शेंडीतून पहाटे निघालो. बारीक पाऊस, धुकं, रस्त्याच्या कडेला पिवळी सोनकी फुललेली. रतनवाडीवरून साम्रदपर्यंत जायचं आणि तिथे आमची गाडी येणार, असं ठरलं होतं. एकूण अंतर तीस किलोमीटरच्या आत, वेळ पाच तास, चढाला चालायचं आणि सपाटीला पळायचं. सर शिस्तीचे. घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावलेला. गजर वाजला की पाणी. बाटली रिकामी झाली की वाटेतल्या गावात भरून घेत. गारठ्यात आम्ही बाकीचे आळस करून पाणी चुकवत होतो. सर चुकवत नव्हते. त्यांचा नंतरचा हिशेब साडेपाच ते सहा लिटरचा होता.

रतनवाडी सोडल्यावर जंगलातला चढ लागतो. तिथे सर मागे पडले. मी थांबलो. म्हणाले, "डोकं जड झालंय." थोड्या वेळाने उलटी झाली, नुसतं पाणी. मी काय केलं असेल? बाटली पुढे केली आणि म्हणालो, "सर, पाणी कमी पडलंय, थोडं थोडं प्या." ते प्यायले. दहा मिनिटांनी पुन्हा उलटी. मग त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, परिपाठाची घंटा झाली का?" आधी मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेहरा पाहिला तर चेष्टा नव्हती.

त्यांचा हात धरला तेव्हा घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला दिसला. सकाळी तोच पट्टा सैल होता. अंगठी बोटात घट्ट बसली होती. तोंड कोरडं नव्हतं, नाडी फार वेगात नव्हती, अंग तापलेलं नव्हतं. पाणी कमी पडलेला माणूस असा दिसत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जुळलं: क्लोरथॅलिडोन, गार हवा, सहा लिटर पाणी आणि वर मी आत्ता पाजलेलं.

मोबाईलला रेंज नव्हती. दोघे पुढे पळाले. दुधाचे कॅन घेऊन चाललेली एक पिकअप मिळाली, तीत सरांना कुशीवर झोपवून खाली आणलं. वाटेत एकदा त्यांचे हात-पाय ताठ झाले. तो अर्धा मिनिट मी वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कधी मोजला नव्हता इतका लांब होता. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य बोललो, "पळताना खूप पाणी प्यायलेत, सोडियम बघा." रिपोर्ट आला १२३.

हे काय होतं ते समजावून सांगतो. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असतो. शरीर हा आकडा फार काटेकोर सांभाळतं. एरवी तुम्ही जास्त पाणी प्यायलात तर मूत्रपिंड ते तासाभरात बाहेर टाकतं. पण तासन्‌तास श्रम चालू असले, मळमळ असली, ताण असला की मेंदू एक संप्रेरक सोडतो. ते मूत्रपिंडाला सांगतं, 'पाणी धरून ठेव.' आता वरून पाणी येतंय, खालून जात नाही आणि घामावाटे थोडं मीठही जातंय. आमटीत पाणी वाढवत गेलं की ती अळणी होते, तसं रक्त पातळ होतं. हे पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हाताच्या फुगल्या तर अंगठी घट्ट होते, एवढंच. पण मेंदू कवटीच्या डब्यात बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो, झटका येतो. जीवही जाऊ शकतो.

हे दुर्मिळ म्हणून सोडून देऊ नका. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. आणि कोणाचं? पुढे पळणाऱ्यांचं कमी, मागून सावकाश येणाऱ्यांचं जास्त. पळून आल्यावर ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं त्यांचं तर फारच. म्हणजे आमच्यासारख्यांचं. जो जास्त वेळ रस्त्यावर, त्याला प्यायला जास्त वेळ.

सरांच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या. सावकाश पाच तास. गार, ढगाळ हवा, त्यामुळे घाम थोडा, पण पाणी मे महिन्यातल्या जालन्याच्या हिशेबाने. आणि मीठ बाहेर टाकणारी गोळी. यातली एखादी नसती तर कदाचित नुसती लघवीला पळापळ होऊन भागलं असतं.

मग प्यायचं किती? तहान लागेल तेवढं. एवढं साधं उत्तर पेशंटला पटत नाही, मला माहीत आहे. 'तहान लागली म्हणजे उशीर झाला' हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय. पण निरोगी प्रौढ माणसाची तहान हे उत्तम मोजमाप आहे. लहान मुलं, खूप वयस्कर माणसं आणि भर उन्हात राबणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांना आठवण करून द्यावी लागते. स्वतःचा अंदाज हवा असेल तर एक युक्ती करा. पळायला निघताना आणि आल्यावर, घामाचे कपडे काढून, वजन करा. अर्धा-एक किलो घटलं तर काळजी नको. वाढलं असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. पळून आल्यावर वजन वाढायचं काही कारणच नसतं.

"मग ओआरएस किंवा बाजारातलं एनर्जी ड्रिंक प्यायलं तर चालेल ना?" हा पुढचा प्रश्न. ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यामागे ७५ युनिट सोडियम असतं, बाजारातल्या बहुतेक पेयांत त्याच्या निम्म्याहून कमी. रक्तात १४० च्या आसपास. म्हणजे तीही रक्तापेक्षा पातळच. साध्या पाण्यापेक्षा बरी, पण लिटरवर लिटर ढोसली तर तीही रक्त पातळच करणार. मी स्वतः लांब पळताना खारट शेंगदाणे ठेवतो, आणि परत आल्यावर मीठ घातलेलं ताक.

सोबतचा कोणी पळता-चालताना गळाला तर कसं ओळखायचं? पाणी कमी पडलेल्याला तहान असते, तोंड कोरडं असतं, लघवी थोडी आणि गडद होते, उभं राहिलं की अंधारी येते. पाणी जास्त झालेल्याला तहान नसते, पोटात पाणी डचमळतं, अंगठी किंवा घड्याळ रुततं, डोकं दुखतं, उलटी होते. दोन्हीत घोळ होऊ शकतो, माझाही झाला. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. माणूस भलतंसलतं बोलायला लागला की तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, आणि भर उन्हात असाल, अंग तापलेलं असेल तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. अंगावर ओतलेलं पाणी कधी जास्त होत नाही.

आणि दवाखान्यात गेल्यावर "आधी एक सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. आपल्याकडे सलाईनवर लोकांचा फार विश्वास. अशा वेळी साधं सलाईन भराभर चढवलं तर प्रकृती बिघडू शकते. सरांना नेहमीपेक्षा खूप जास्त मिठाचं, तीन टक्के सलाईन दिलं, तेही थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा सोडियम तपासत. नातेवाइकांचं काम एवढंच: किती वेळ चालत-पळत होते, किती पाणी प्यायले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे नीट सांगायचं. गोळ्यांची चिठ्ठी खिशात असेल तर उत्तम.

संध्याकाळी सरांनी मला ओळखलं. तिसऱ्या दिवशी घरी आलो. सरांच्या मिसेसनी चहा दिला आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला पुरेसं होतं. पुढच्या महिन्यात मी सरांची गोळी बदलली. त्यानंतर माझ्याकडच्या ज्या ज्या पेशंटना ही किंवा या जातीची गोळी चालू होती आणि जे लांबचं चालणारे होते, त्यांची यादी काढली आणि बोलावून सोडियम तपासलं. दोघांचं कमी निघालं. हे वाचून कोणी आपली बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. त्याने पक्षाघाताचा धोका वाढेल. डॉक्टरांना फक्त सांगा, 'मी इतका चालतो, पळतो,' आणि एक सोडियमची तपासणी करून घ्या.

आता डोंगराबद्दल लोक जे विचारतात ते. "उंचीवर श्वास लागतो ना?" महाराष्ट्रात नाही. कळसूबाई आपलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. भंडारदऱ्याला धाप लागते ती चढामुळे. चढताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा, चालायला लागा. आणि चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थांबल्यावर बरं वाटणं, असं एकदाही झालं असेल तर आधी तपासणी, मग डोंगर.

गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात, हे वारीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी आकसतही असतो आणि ताणलाही जात असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. त्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू येतं. ते आपोआप बरं होतं. पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचा इशारा आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पळायच्या आधी 'दुखू नये म्हणून' पेनकिलर खाऊन निघायची सवय असेल तर ती सोडा. त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि सोडियम उतरायलाही हातभार लावतात.

"पळून गुडघे झिजतात" याला मात्र आधार नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज साडेतीन टक्के, बसून राहणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. व्यावसायिक स्पर्धक धावपटूंमध्ये मात्र तेरा टक्के. आपल्यापैकी कोणी तितकं पळत नाही.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. इथे रस्ते आहेत की! गणपतीची टेकडी आहे. तिचा चढ-उतार आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा केला तर भंडारदऱ्याची तयारी होते. आम्ही तीच करतो. आणि संकष्टी मंगळवारी आली की जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर चालत हजारो लोक राजूरला येतात, कित्येक अनवाणी. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ मानतात, त्यामुळे गर्दी मोठी. माझ्यापुरती अंगारकी म्हणजे पायांचा दिवस. एकदा एक काका आले, मधुमेह अकरा वर्षांचा. दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड, एक फुटलेला, त्यात खडी. म्हणाले, "दुखत काहीच नाही बघा, बाप्पाची कृपा." मला काय बोलावं कळेना. दुखत नव्हतं कारण मधुमेहाने तळव्याच्या नसा बधिर झाल्या होत्या. दोन महिने ड्रेसिंग केलं, एक बोट गेलं.

मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, नवस असला तरी. मोजे आणि जुने, पायाला सवय झालेले बूट घाला. पहाटे निघा, डांबर तापायच्या आत पोचा. फोड आला तर फोडू नका. वाटेत ठिकठिकाणी लोक प्रेमाने पाणी, चहा, सरबत देतात. तहान असेल तर घ्या, नसेल तर हात जोडून पुढे चला. कोणी वाईट मानत नाही.

सर या सप्टेंबरात पुन्हा आमच्याबरोबर येणार आहेत. या वेळी शेंडी ते मुरशेत आणि परत, एवढंच. घड्याळातला गजर त्यांनी काढून टाकलाय. मिसेसही येणार म्हणाल्या, गाडीतून, मागून.

अंगारकीला चालत येणार असाल आणि मधुमेह किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर आदल्या आठवड्यात पाय आणि गोळ्यांची चिठ्ठी दाखवून जा. अंगारकीच्या दिवशी दवाखाना पहाटे पाचला उघडतो.